न संपणारे खेळ

घरांत नवा खेळ आला म्हणजे मुलांना होणारा आनंद जितका उत्कट, तितकाच तो अल्पायुषी असतो, हा आईबापांचा जुना अनुभव आहे. पूर्वीं लांकडी घोडा आणि पत्र्याची मोटार यांच्या बाबतींत तो येत असे. हल्लीं व्हिडिओ गेमच्या बाबतींत येतो. फरक इतकाच कीं, पत्र्याची मोटार कांहीं आण्यांत मिळे आणि मोठ्या व्हिडिओ गेमला दोन-दोन, चार-चार हजार रुपये मोजावे लागतात. एवढी रक्कम खर्चून आणलेला खेळ आठ-पंधरा दिवसांत शिळा झाला आणि मुलानें दुसऱ्याचा हट्ट धरला, म्हणजे गृहस्थ विचारांत पडतो, कीं ज्यांत भरपूर आहे, तऱ्हेतऱ्हेचें आहे आणि जो लवकर विटत नाहीं, असा खेळ शोधावा तरी कसा ?

पनवेलसारख्या गांवांत हा प्रश्न विशेष जाणवतो. एके काळीं पनवेल म्हणजे खाडीवरचें बंदर आणि बोरघाटाच्या वाटेवरचा मुक्काम. १९९८ सालीं हार्बर मार्गाची लोकल तेथें पोंचली, २०१६ सालीं महानगरपालिका झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें जवळच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आणि वाड्यांबरोबर अंगणेंहि गेलीं. नोकरीवरून आईबाप दिवेलागणीनंतर परततात, आणि तोंपर्यंत मुलाच्या पुढ्यांत पडदा असतो. अशा घरांतून संध्याकाळच्या तास-दीड तासाचा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाहीं. तो संगतीचा होतो. संगत पारखून घ्यावी, हें जसें मित्रांच्या बाबतींत खरें, तसेंच तें खेळाच्या बाबतींतहि खरें आहे.

या पारखीचा पहिला धडा पनवेलच्या शेजारींच आहे. कर्नाळ्याचा आंगठ्यासारखा सुळका तेथील माणसाच्या नित्य परिचयाचा. त्याच्या पायथ्याचें पक्षी-अभयारण्य १९६८ सालीं स्थापन झालें. आजहि त्याचें क्षेत्र अवघें १२ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु तेवढ्या रानांत पक्ष्यांच्या दोनशेंहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. उलट, मैलोगणती पसरलेली एकाच जातीच्या झाडांची लागवड घेतली, तर पहिल्या मैलांत जें दिसलें तेंच शेवटच्या मैलांत दिसेल. लागवडीपाशीं वैपुल्य आहे. कर्नाळ्यापाशीं वैविध्य आहे. व्हिडिओ गेमच्या जाहिराती वैपुल्य मोजून दाखवितात : नकाशा एवढा मोठा, कामगिऱ्या इतक्या शंभर, खेळण्याचे तास इतके. वैविध्य असें मोजतां येत नाहीं, म्हणून तें जाहिरातींत क्वचितच आढळतें. आणि खेळ टिकतो तो मात्र त्याच्यावर.

या भेदाचें बोधप्रद उदाहरण एका आकड्यांत सांठलेलें आहे. बुद्धिबळाच्या जनकाची कथा घरोघर ठाऊक आहे. राजानें प्रसन्न होऊन 'माग' म्हटलें, तेव्हां त्यानें पटाच्या पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशा दुपटीनें चौसष्ट घरें भरून दाणे मागितले आणि राजाचीं कोठारें अपुरीं पडलीं. त्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथील 'हेलो गेम्स' या लहानशा मंडळीनें ऑगस्ट २०१६ मध्यें 'नो मॅन्स स्काय' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत खेळणारा आकाशयानांतून ग्रहामागून ग्रह धुंडाळतो. आणि त्या ग्रहांची सांगितलेली संख्या वरच्या बेरजेहून बरोबर एकानें अधिक आहे. हे ग्रह कोणी एकेक करून चितारलेले नाहींत. एका बीजसंख्येवर ठराविक गणित चालवून संगणक त्या त्या क्षणीं ते घडवितो. डोंगर, झाडें, प्राणी आणि आकाशाचा रंग हीं सर्व त्या गणितांतून निघतात.

राजाच्या कोठारांना न पेलणारें वैपुल्य अशा रीतीनें एका तबकडींत आलें. परंतु खेळ बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकांत असंतोष माजला. पुष्कळांची तक्रार अशी कीं, दहा-वीस ग्रह पाहून झाल्यावर एकविसाव्याची उत्सुकता राहत नाहीं. रंग निराळा, पण करावयाचें काम तेंच. शिवाय आगाऊ बोलून दाखविलेल्या कांहीं गोष्टी त्यांत नव्हत्या. कर्त्यांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, त्यांनीं खेळ वाऱ्यावर सोडला नाहीं. पुढील वर्षांत त्यांनीं जुन्या गिऱ्हाइकांकडून जादा पैसा न घेतां घरें बांधणें, वाहनें चालविणें, मित्रांसमवेत प्रवास करणें अशा गोष्टी एकामागून एक घातल्या, आणि २०१८ च्या मोठ्या सुधारणेनंतर त्याची अपकीर्ति ओसरूं लागली. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, गेलेलें नांव परत मिळविण्यासाठीं ग्रहांचा आकडा वाढवावा लागला नाहीं; ग्रहावर उतरल्यावर करावयाच्या गोष्टी वाढवाव्या लागल्या.

हें शहाणपण त्याच देशांत बत्तीस वर्षें आधीं दिसून आलें होतें. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोघां तरुण विद्यार्थ्यांनीं 'एलीट' हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठीं रचला. त्या संगणकाची स्मृति अवघी ३२ किलोबाइट; आजच्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. एवढ्या जागेंत सबंध विश्व बसवावयाचें, तर तें साठवून ठेवणें शक्य नव्हतें. तें गणितानें उभें करणेंच प्राप्त होतें. त्या गणितानें त्यांना कोटी कोटींच्या घरांत जाणाऱ्या आकाशगंगा सहज निर्माण करतां आल्या असत्या. परंतु इतका अफाट आकडा समोर ठेवला, तर त्यामागचा यांत्रिकपणा उघडा पडेल, असें प्रकाशकांना वाटलें. म्हणून अखेर आकाशगंगा आठ, प्रत्येकींत २५६ स्थळें, मिळून २,०४८ स्थळें ठेवण्यांत आलीं. खेळ गाजला, आणि त्याचें कारणहि स्पष्ट आहे. स्थळागणिक मालाचे भाव निराळे, राज्यव्यवस्था निराळी, चांच्यांची भीति निराळी. आणि इतक्यांतून व्यापारी व्हावें, लुटारू व्हावें कीं लुटारूंचा पाठलाग करणारा व्हावें, हें खेळणाऱ्यानें स्वतः ठरवावयाचें.

यावरून दिसतें कीं, वैविध्य पुष्कळदां वस्तूंच्या संख्येंत नसून नियमांच्या मिलाफांत असतें. याचा साक्षी पुन्हां बुद्धिबळच आहे. पटावर मोहरीं बत्तीस आणि घरें चौसष्ट. पहिल्या खेळाडूला आरंभीं २० चाली मोकळ्या असतात. दोघांनीं एकेक चाल केली कीं शक्य प्रकार ४०० होतात, आणि दोन-दोन चाली होतांच ते १,९७,२८१ वर जातात. या खेळाला शतकानुशतकें कोणी नवा नकाशा जोडला नाहीं, तरी तो शिळा झाला नाहीं.

हेंच तत्त्व पडद्यावर पाहावयाचें असल्यास 'माइनक्राफ्ट' पाहावा. स्वीडनच्या मार्कस पर्सन यानें आरंभिलेला हा खेळ नोव्हेंबर २०११ मध्यें पूर्ण रूपांत प्रसिद्ध झाला, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. दिसावयास तो ओबडधोबड आहे. माती, दगड, लांकूड यांचे चौकोनी ठोकळे. ते खणावे, रचावे, एकमेकांशीं जुळवावे. त्याचें मैदान अफाट आहे खरें, पण मुलें त्यांत रमतात तीं मैदानामुळें नव्हेत. एक मूल किल्ला बांधतें, दुसरें पाण्याचा पाट काढतें, तिसरें कळीचा दरवाजा बनवितें. ज्याच्या मनांत जेवढें असेल तेवढें त्या खेळांत असतें. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेनें या खेळाच्या कर्त्यांसह २०१२ सालीं एक उपक्रम सुरू केला, आणि नैरोबी शहराच्या किबेरा या गरीब वस्तींतील रहिवाशांनीं आपलें सार्वजनिक मैदान कसें असावें, हें याच ठोकळ्यांनीं रचून दाखविलें. मुलांचें खेळणें म्हणून ज्याकडे पाहिलें जातें, तें अशा रीतीनें नगररचनेची पाटी झालें.

वैविध्याचा दुसरा मार्ग हस्तकौशल्याचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पानें असतात आणि तीं हातानें रंगविलेलीं असतात. त्याचप्रमाणें कांहीं खेळांत गांवें, माणसें, संवाद आणि प्रसंग लेखक-चित्रकारांनीं एकेक करून घडविलेले असतात. आंद्रजेय सापकोवस्की यांच्या कादंबऱ्यांवरून पोलंडमध्यें रचलेला 'द विचर ३' हा २०१५ सालचा खेळ या जातीचा मानदंड समजला जातो. त्याच्या मुख्य कथेइतक्याच आडकथाहि मन लावून लिहिलेल्या आहेत; वाटेंत भेटलेल्या खेडुताचें गाऱ्हाणेंहि एखाद्या लघुकथेसारखें उलगडतें. मात्र हा खेळ प्रौढांचा आहे, आणि युरोपांतील वर्गीकरणानें त्यावर १८ वर्षांचा शिक्का मारलेला आहे. वैविध्य आहे म्हणून तो मुलाच्या हातीं द्यावा, असें होत नाहीं.

या हस्तकौशल्याचा एक नमुना महाराष्ट्रांतहि झाला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ती कथा आहे. तींत राजस्थानी महालांची घडण, पहाडी चित्रशैलीचें वळण आणि पुराणांतील देवता यांचा मेळ घातला आहे. हा खेळ पांच-सहा तासांत संपतो. तासांच्या हिशोबानें तो तोकडाच ठरेल. पण चांगली छोटी कादंबरी पानें मोजून कोणी फेंकून देत नाहीं. संपणें हा सर्वच खेळांचा दोष नव्हे, आणि न संपणें हा सर्वच खेळांचा गुण नव्हे.

हें शेवटलें वाक्य जपून ठेवण्याजोगें आहे. कारण न संपण्याचें एक खोटें सोंगहि बाजारांत आहे. पुष्कळ खेळ फुकट मिळतात आणि कधींच संपत नाहींत. रोज हजेरी लावावी, तेंच काम पुन्हां करावें, बक्षिसाची बंद पेटी मिळवावी. आणि धीर सुटला कीं पैसे देऊन ती उघडावी, अशी त्यांची रचना असते. येथें वैविध्याच्या जागीं जुगाराची हुरहुर असते. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं पैशानें घ्यावयाच्या कांहीं अशा पेट्या जुगाराच्याच जातीच्या ठरविल्या. भारताच्या संसदेनेंहि ऑगस्ट २०२५ मध्यें, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. पण घरांत बसून मूल काय उघडतें हें पाहण्याचें काम कायद्याकडून व्हावयाचें नाहीं. तें घरच्यांनींच केलें पाहिजे.

तेव्हां शोध घेणाऱ्या गृहस्थानें कोणत्या कसोट्या लावाव्या ? पहिली, दहाव्या तासाची. ज्यानें तो खेळ खेळला आहे त्याला 'खेळ किती तासांचा' असें न विचारतां, 'दहाव्या तासाला असें काय करावें लागलें, जें पहिल्या तासाला केलें नव्हतें' असें विचारावें. उत्तर चटकन् आलें, तर खेळ जिवंत आहे. दुसरी कसोटी दोघांची. दोन भावंडें तोच खेळ खेळून निरनिराळ्या हकीगती सांगूं लागलीं, तर त्यांत खरें वैविध्य आहे. तिसरी पैशाची. विकत घेतल्यानंतर तो खेळ पुन्हां हात पसरतो काय, हें आधीं पाहावें. चौथी वयाची, अमेरिकेंत १९९४ पासून आणि युरोपांत २००३ पासून खेळांवर वयाची खूण छापण्याची पद्धत आहे, आणि ती वाचावयास क्षणभरहि लागत नाहीं. घेतलेला खेळ न पटल्यास उपायहि आहे. 'स्टीम' या मोठ्या ऑनलाइन पेठेंत २०१५ पासून असा रिवाज आहे कीं, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करतां येतो. ते दोन तास आईनें किंवा बापानें मुलाशेजारीं बसून काढावे, यापरती दुसरी परीक्षा नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगसूचींत खेळाच्या अनावर व्यसनालाहि स्थान मिळालें आहे. शिकणें, झोंप, माणसें या सर्वांवर खेळानें दीर्घ काळ कुरघोडी केली, म्हणजे तो त्या सदरांत येतो. म्हणून उत्तम खेळाची अखेरची खूण त्याच्या बाहेर शोधावी. खेळ बंद केल्यावर मूल चिडून बसतें, कीं त्यांत बांधलेल्या किल्ल्याची गोष्ट सांगावयास स्वयंपाकघरांत धांवत येतें ? जो खेळ मुलाला घरच्यांशीं बोलावयास विषय देतो, त्यांत भरपूर आहे. रविवारीं त्याच मुलाला कर्नाळ्यास नेलें, आणि तें झाडींतला आवाज ऐकून पक्षी शोधूं लागलें, तर खेळानें त्याची शोधक बुद्धि बोथट केली नाहीं, असें खुशाल समजावें.