शिकारीची जुनी पुस्तके

शिकारीची पुस्तके आज कोणी आणि कशासाठी वाचावीत, हा प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना षौक गुन्हा ठरवला. मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेली छायाचित्रे पाहून आज अभिमान वाटत नाही, शरम वाटते. अशी पुस्तके रद्दीत गेली तर बिघडले कोठे?

रायपूरच्या ब्राह्मणपारा, तात्यापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांत हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून या शहरात मराठी घरे नांदत आली आहेत. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. साहजिकच जंगलखाते, महसूल आणि वकिली यांच्या निमित्ताने रानाशी संबंध आलेली माणसे अशा घरांतून असत. आता ते वाडे पडत आहेत, आणि वाडा पडला की प्रथम कपाट रिकामे होते. त्या कपाटातून रद्दीवाल्याच्या तराजूत काय जाते, ते एकदा तरी पाहिले पाहिजे.

समजा, त्यात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक आहे. ते १८७१ साली प्रसिद्ध झाले. फॉर्सिथ शिकारी खरेच, पण वृक्षांकडेही त्यांचे बारीक लक्ष असे. साग कोठे संपतो आणि साल कोठे सुरू होतो, याची त्यांनी नोंद ठेवली. बारशिंगा आणि तांबडा रानकोंबडा सालवनाची सोबत करतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात मुख्य सालवनापासून तुटलेला सालाचा एक तुकडा त्यांना आढळला. तेथेही ते हरीण आणि तो कोंबडा, दोघेही हजर होते. पुढे त्या भागातून बारशिंगा नाहीसा झाला. २०१५ पासून तो कान्ह्याहून सातपुडा व्याघ्रप्रकल्पात पुन्हा आणण्यात आला. तो तेथे पाहुणा नसून मूळचा रहिवासी आहे, याची साक्ष दीडशे वर्षांपूर्वी एका बंदूकधाऱ्याने लिहून ठेवली होती!

दुसरे उदाहरण डनबार ब्रँडर यांचे. मध्यप्रांताच्या जंगलखात्यातील या अधिकाऱ्याचे पुस्तक १९२३ साली निघाले. प्राणी कसा मारावा यापेक्षा तो कसा जगतो, याविषयी त्यात अधिक मजकूर आहे. कठीण भूमीवर राहणाऱ्या मध्य भारतातील बारशिंग्याच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी ब्रँडर यांचेच नाव दिले. १९६३ नंतर जॉर्ज शॅलर यांनी कान्ह्यात हरिणांचा आणि वाघांचा अभ्यास केला, तेव्हा आधीची स्थिती समजून घेण्यास ब्रँडर यांच्या नोंदी उपयोगी पडल्या. १९७० मध्ये कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. हा आकडा किती भयंकर आहे, हे कशावरून कळावे? पूर्वी तेथे कळप कसे चरत होते ते कोणी सांगितले, तरच. आरंभीचा आकडा हरवला की ऱ्हासही दिसेनासा होतो. प्रत्येक पिढी स्वतः पाहिलेले रान हेच पूर्ण रान समजते.

छत्तीसगडला याचा अनुभव कडू आहे. १९४७ साली कोरियाचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते मारले, आणि त्याची हकीकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. भारतातील चित्त्याची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते कूनोत आले. येथला चित्ता कोणकोणत्या माळांवर फिरत होता, हे शोधणाऱ्या अभ्यासकांना शिकाऱ्यांच्याच टिपणांकडे वळावे लागले. रानम्हशीचेही तेच. फॉर्सिथ यांना पूर्वेकडील सालवनात भेटलेला हा प्राणी आज छत्तीसगडचा राज्यपशू आहे. पण उदंतीत आणि इंद्रावतीच्या काठी तो थोडाच उरला. म्हणून २०२० मध्ये आसामातील मानस अभयारण्यातून रानम्हशी बारनवापाऱ्यास आणाव्या लागल्या.

याचा अर्थ ही पुस्तके वेदवाक्य मानावीत असा नाही. शिकाऱ्याच्या वाघाची लांबी कागदावर वाढते, हे सर्वश्रुत आहे. शिवाय त्यांत एक मोठी उणीव आहे. माग काढला गोंडाने, वाट दाखविली बैगाने, हाक्याला जीव धोक्यात घालून उभे राहिले गावकरी. पण पुस्तकात नाव येते मचाणावरील साहेबाचे. ज्यांच्याकडून लेखक रान शिकला त्यांनाच तो पुष्कळदा अडाणी म्हणतो. चाणाक्ष वाचकाने अशा ठिकाणी थांबावे. पाऊल किती जुने आहे, वारा कोणीकडचा आहे, सांबर का ओरडले, हे ज्ञान कोणाचे, ते ओळीमागील ओळीत दिसते. लेखकाच्या इच्छेविरुद्ध त्या निनावी गुरूंचीही आठवण या पानांनी जपली आहे.

म्हणून ही पुस्तके साक्षीदाराच्या जबानीसारखी वाचावीत. साक्षीदार स्वतः निर्दोष नाही, गुन्ह्यात त्याचाही हात आहे. म्हणून त्याची जबानी फाडून टाकायची नसते; उलटतपासणी करायची असते. त्याची बढाई सोडावी आणि ठिकाण, महिना, झाड, कळप, पाणवठा एवढे टिपून घ्यावे. मराठीत व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी रानाकडे पाहण्याची वेगळी, मायेची दृष्टी दिली. त्या दृष्टीने ही जुनी पाने पुन्हा चाळली, तर त्यांतून बरेच काही हाती लागेल.

तेव्हा आपल्या घरी असे एखादे जीर्ण पुस्तक असेल, तर ते तराजूत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयाला, महाविद्यालयाला किंवा वनखात्याच्या ग्रंथालयाला विचारावे. समासात एखाद्या पूर्वजाने पेन्सिलीने गावाचे नाव किंवा तारीख लिहिली असेल, तर तीही खोडू नये. नाहीशा झालेल्या एखाद्या कळपाचा तेवढाच पत्ता उरलेला असण्याचा संभव आहे.