माजी सैनिकांची स्मरणशक्ती आणि आपले कर्तव्य
(वर्षावासानिमित्त कोल्हापूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहोत. पण पेन्शनच्या काउंटरवर बसणाऱ्याला म्हातारपण जवळून दिसते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी एक माजी सैनिक आले होते. 1971 च्या लढाईतले. सैनिक क्रमांक विचारताच ताठ उभे राहून त्यांनी तो एका दमात सांगितला. पण सही कुठे करायची, हे दोनदा सांगूनही त्यांच्या ध्यानात राहिले नाही. आम्ही आवाज चढवला, "आजोबा, आत्ताच सांगितलं की! एवढंही ध्यानात राहत नाही?" रांगेतले लोक हसले. त्यांनी मान खाली घातली आणि सही न करताच ते निघून गेले. चूक आमची होती. ती खाली गेलेली मान आम्हाला आजही दिसते, म्हणूनच हा विषय घेतला.

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या जिल्ह्यात तर शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे.

जुने पक्के राहते आणि आत्ताचे निसटते, यात त्या माणसाचा हट्ट नसतो. नवे साठवून घेण्याचे मेंदूचे काम मंदावले, तरी वर्षानुवर्षे घोटलेले पुष्कळदा टिकून राहते. शिवाय प्रत्येक विसर म्हणजे म्हातारचळ नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, दारू, डोक्याला बसलेला जुना मार, अशी अनेक कारणे असतात. तोफांच्या आवाजाने ज्याचे कान गेले, त्याला मुळात ऐकूच आलेले नसते. आणि आपण म्हणतो, विसरला! म्हणून आधी डॉक्टर. माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, तिचा लाभ घ्यावा.

त्यानंतर सराव. त्याची दिशा धम्मात सापडते. चुल्लपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी त्याला दारात गाठले, जवळ बसवले आणि एक स्वच्छ फडके हातात दिले. ते चोळत एकच शब्द म्हणत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यता उमगली. तथागतांनी त्याची परीक्षा घेतली नाही. हाताला काम दिले, थोडेच दिले आणि तेच ते दिले.

आजचे तज्ज्ञही जवळजवळ हेच सांगतात. समजा, रक्तदाबाच्या गोळीची जागा ध्यानात ठेवायची आहे. "गोळी फोटोखालच्या डब्यात" असे सांगावे आणि लगेच विचारावे. मग अर्ध्या मिनिटाने, एका मिनिटाने, दोन, चार मिनिटांनी पुन्हा विचारावे. चुकले तर ताटकळत ठेवू नये. बरोबर उत्तर आपणच सांगावे, त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे आणि मागच्या कमी अंतरावर यावे. एका वेळी एकच गोष्ट. "ओळखा पाहू मी कोण?" हा खेळ तर बंदच करावा. चुकीचे उत्तर तोंडी बसले की तेच पुन्हा येते.

दुसरे, पलटणीची शिस्त कामाला लावावी. चष्मा, किल्ली, पासबुक यांना ठरलेली जागा, खिशात वही, भिंतीवर मोठ्या अक्षरात दिनक्रम. वही ठेवणे कमीपणाचे नाही. रशियाचा झासेत्स्की हा सैनिक 1943 साली डोक्यात गोळी लागून जायबंदी झाला. अक्षरे आठवेनात. पण हात न उचलता सलग लिहिले तर लिहिता येते, हे त्याला कळले आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे तो आपली कहाणी लिहीत राहिला. डॉ. लुरिया यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले.

खोटी आशा मात्र देऊ नये. अमेरिकेत 2,832 वृद्धांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. स्मरणाचा सराव केलेल्यांना त्या कामात फायदा दिसला. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा तो उरला नव्हता. म्हणजे सराव हे रोग बरा करणारे औषध नाही. पण स्वतःची गोळी स्वतः घेता येणे, सही स्वतः करता येणे, यातही माणसाची अब्रू आहे.

संस्थेला एक विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास माजी सैनिकांसाठी ठेवावा. प्रत्येकासोबत एका तरुणाने बसावे. अर्धा वेळ सराव, अर्धा वेळ त्यांच्या पलटणीच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. शिकवणाऱ्यालाही त्यांच्याकडून काही शिकायला मिळेल. बुद्धवचने लिहिली जाण्याआधी कित्येक पिढ्या भिक्खूंच्या मुखात टिकली, कारण म्हणणारे आणि ऐकणारे एकत्र बसत होते.

जे देशासाठी जागले, त्यांचे विसरणे सांभाळून घेण्याइतका धीर आपण ठेवू या. पहिला धीर आम्ही आमच्या काउंटरवर ठेवू.

जयभीम! नमो बुद्धाय!