प्रयोगवहीतील सत्य

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आयोजित शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. भौतिकशास्त्र शिकविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यापुढे त्या शास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे पाहिले ते नोंदवावे आणि जे पाहिले नाही ते लिहू नये, हा पत्रकाराचाही धर्म आहे. त्या नात्याने आज मी एकाच गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे. ती म्हणजे आपल्या प्रयोगवह्यांत लिहिले जाणारे खोटे आकडे.

काही वर्षांपूर्वी वार्तांकनाच्या निमित्ताने एका कनिष्ठ महाविद्यालयात गेलो होतो. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. प्रयोगशाळेला कुलूप होते आणि बाहेरच्या व्हरांड्यात पाच-सहा मुले मांडी घालून जर्नल पूर्ण करीत बसली होती. साध्या लंबकाचा प्रयोग लिहिणाऱ्या एका मुलाला मी विचारले, "ही निरीक्षणे कधी घेतलीस?" तो निरागसपणे म्हणाला, "काका, आधी उत्तर लिहायचं, नऊ पॉइंट एक्क्याऐंशी. मग तिथून मागं येत रीडिंग भरायची."

मुलगा हुशार होता. उलटे गणित करायचे तर सूत्र पक्के लागते आणि ते त्याला येत होते. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची पुसटशीही छटा नव्हती, कारण हे असेच करायचे असते, असे त्याला कोणीतरी शिकविले होते. मला अस्वस्थ केले ते या शिकवणीने.

लंबक काय शिकवितो?

एक मीटर लांबीच्या लंबकाच्या एका दोलनास सुमारे दोन सेकंद लागतात. घड्याळाचे बटण दाबताना माणसाची चूक ०.२ सेकंदाची धरली, तर एकच दोलन मोजणाऱ्याच्या नोंदीत १० टक्के चूक येते. २० दोलने मोजली की काळ होतो ४० सेकंद आणि तीच चूक अर्ध्या टक्क्यावर उतरते. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वीय त्वरणात ती दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. याचा अर्थ असा, की प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या वर्गात कोणाचे उत्तर ९.७ येईल, कोणाचे ९.९ येईल. ज्या वर्गातील साठही मुलांचे उत्तर ९.८१ येते, त्या वर्गात प्रयोग झालेलाच नसतो.

आणखी एक गंमत पाहा. गुरुत्वीय त्वरण पृथ्वीवर सर्वत्र सारखे नाही. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८ असते, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर ते ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येते. ९.८१ हे मूल्य लंडन-पॅरिसच्या भूमीचे आहे. शाळेतील घड्याळाने हा सूक्ष्म फरक पकडता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या पायाखालच्या मातीचे मूल्य न मोजता परक्या भूमीचे मूल्य वहीत उतरवून घ्यायचे आणि त्याला स्वतःचे निरीक्षण म्हणायचे, यापेक्षा बौद्धिक पराधीनता ती वेगळी कोणती?

आपली परंपरा

मराठीत आपण 'प्रात्यक्षिक' म्हणतो. त्या शब्दातच 'प्रत्यक्ष' आहे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. द्रव्य, गुण आणि कर्म यांचा विचार करणाऱ्या वैशेषिकांनी तर प्रत्यक्ष आणि अनुमान एवढी दोनच स्वतंत्र प्रमाणे स्वीकारली. जर्नल उतरविणारा विद्यार्थी प्रत्यक्षाच्या जागी गाइडचा शब्द बसवितो.

अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि काशी येथे वेधशाळा उभारल्या. प्रचलित कोष्टकांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नव्हती, हे त्यामागील कारण होते. युरोपातून मागविलेली ला हीर यांची कोष्टके आली, तेव्हा तीही त्यांनी आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थितीत आढळलेली तफावत नोंदवून ठेवली. कोष्टक कोणाचेही असो, निर्णय आकाशाकडे पाहूनच द्यायचा, ही ती वृत्ती होती. या परंपरेचे गोडवे आपण व्यासपीठावरून गातो. तिचा अभिमान प्रयोगवहीत दिसला, तर तो खरा.

अर्ध्या टक्क्याचे मोल

इंग्लंडमधील लॉर्ड रॅले नायट्रोजन वायूची घनता मोजीत होते. हवेतून मिळविलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगातून मिळविलेला नायट्रोजन यांच्या घनतेत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक पडत होता. आपल्या व्हरांड्यातील मुलाने तो आकडा केव्हाच 'दुरुस्त' केला असता. रॅले यांनी तसे केले नाही. १८९२ साली त्यांनी ही विसंगती जाहीरपणे छापून इतरांकडे खुलासा मागितला. त्या अर्ध्या टक्क्यातून १८९४ साली ऑर्गॉन हे मूलद्रव्य हाती आले आणि १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

केंब्रिजमध्ये याच रॅले यांच्यापाशी आपले जगदीशचंद्र बसू शिकले. १८८५ पासून ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकवू लागले. तेथे संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी स्थानिक कारागिराला हाताशी धरून उपकरणे घडविली आणि अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग केले. साधने नाहीत म्हणून प्रयोग होत नाहीत, ही सबब त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. लंबकाला तर दोरा, गोळी आणि घड्याळ एवढेच पुरते.

दोष कोणाचा?

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. ते पदरात टाकले नाहीत, तर पालक भांडायला येतात, संस्था जाब विचारते आणि शेजारच्या महाविद्यालयाचा निकाल पुढे जातो. दुसरीकडे, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न असतात आणि त्यांतील एकही सोडविताना उपकरणाला हात लावावा लागत नाही. साहजिकच मुले नाव महाविद्यालयात नोंदवितात आणि दोन वर्षे क्लासमध्ये काढतात. आम्ही वृत्तपत्रवालेही यात निर्दोष नाही. क्लासच्या पानभर जाहिराती आणि गुणवंतांची छायाचित्रे आम्हीच छापतो. कुलूपबंद प्रयोगशाळेची बातमी आम्हाला बातमी वाटत नाही. त्या दिवशी मीही ती दिली नाही, हे आज आपल्यासमोर कबूल करतो.

वेगळे करता येते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात आणि त्यासाठी पाच तासांची स्वतंत्र परीक्षा होते. १९९८ पासून भारताचे विद्यार्थी त्यात उतरत आहेत आणि पदके आणीत आहेत. २०१५ साली ही स्पर्धा मुंबईत झाली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या मुलांची तयारी करून घेते. हीच आपली मुले संधी मिळताच प्रयोगातही मागे पडत नाहीत. प्रश्न मूठभरांना मिळणारी ती संधी गावोगावच्या वर्गात नेण्याचा आहे.

एक संकल्प

म्हणून माझी आपणास नम्र विनंती आहे. वर्षातून किमान एक प्रयोग असा घ्या, की ज्याच्या उत्तराला गुण नाहीत आणि प्रामाणिक नोंदीला पूर्ण गुण आहेत. प्रत्येक मुलाचे गुरुत्वीय त्वरण, जसे आले तसे, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावा. उत्तर ९.५ आले असेल, तर त्याला रागावू नका, "असे का आले असावे?" एवढेच विचारा. दोऱ्याची लांबी गोळीच्या मध्यापर्यंत मोजली नसेल, दोलने मोजताना एक सुटले असेल. ते कारण मुलाने स्वतः शोधले, की त्या क्षणी तो भौतिकशास्त्र शिकू लागला असे समजा.

प्रयागच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक राजेंद्र सिंह, आपले रज्जूभैया, पुढे संघाचे सरसंघचालक झाले. प्रयोगशाळेतील शिस्त आणि शाखेतील शिस्त यांचे मूळ एकच आहे. कोणी पाहत नसतानाही खरे वागणे, हे ते मूळ. आपण व्यक्तिनिर्माणाची भाषा बोलतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आयुष्यातील पहिली खोटी नोंद शिक्षकांच्या संमतीने करीत असेल, तर उद्या पुलाच्या तपासणी अहवालात किंवा औषधाच्या चाचणीत तो खरा आकडा लिहील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

उद्या सकाळी शाळेत गेल्यावर प्रयोगशाळेचे कुलूप तेवढे उघडा. एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!