सर्दी-पडसे : घरचे उपाय आणि दवाखान्याची वेळ
(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



पिकांच्या रोगांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज घरातल्या साध्या सर्दी-पडशाबद्दल बोलू. कपाशीवर बोंडअळी असताना बुरशीनाशक फवारून उपयोग होत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. सर्दीचेही तसेच आहे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके जीवाणूंवर काम करतात. म्हणून साध्या सर्दीसाठी इंजेक्शन किंवा प्रतिजैविकाच्या गोळ्या मागू नयेत. साधारण ७ ते १० दिवसांत ती आपोआप बरी होते. घरगुती उपायांनी सर्दी लवकर जात नाही, मात्र त्रास कमी होतो.

घसा दुखत असल्यास पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या कराव्यात. अद्रक, तुळस किंवा गवती चहाचा काढा गरम गरम घ्यावा. आपल्या जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही हळद चिमूटभर गरम दुधात घेतल्यास घशाला बरे वाटते. रात्री खोकला येत असल्यास चमचाभर मध द्यावा. परंतु एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच चाटवू नये, त्यातून विषबाधा होऊ शकते. लहान मुलांना उकळत्या पाण्याची वाफ देऊ नये, भाजण्याचा धोका असतो. बाळाच्या नाकात तेल टाकू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे.

आता महत्त्वाचे. दिसायला सर्दी, पण सर्दी नव्हे, अशा दोन गोष्टी ओळखा.

पहिली, लहान मुलांचा न्यूमोनिया. मूल शांत असताना घड्याळ पुढे ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर मोजत बसू नये, लगेच न्यावे.

दुसरी, फवारणीची विषबाधा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधांच्या विषबाधेतही नाक-डोळे वाहतात, छाती भरून येते. सोबत लाळ, घाम, मळमळ, अंधूक दिसणे, बुबुळातील बाहुली बारीक होणे ही लक्षणे दिसतात. फवारणीनंतर असे झाल्यास पडसे समजून काढा पीत घरी थांबू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा लेबलासह डॉक्टरांना दाखवावा. रोग्याला मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत.

भगिनींनो, काढा उकळेपर्यंत एवढा विचार अवश्य करा : मुलाचा श्वास किती भरला? आणि घरधनी आज फवारणी करून तर आले नाहीत ना?