मोटारीचा रंग आणि आपलें फडकें



आज मी ज्या विषयावर आपणांशीं बोलणार आहें, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हसूं येईल. मोटार धुणें ही काय शिकण्याची विद्या आहे, असें आपण म्हणाल. दोन वर्षांपूर्वीं मलाही तसेंच वाटत होतें. त्या वेळीं आमच्या घरीं गडद निळ्या रंगाची नवी गाडी आली. आमच्या इमारतींत पहांटे एक वयस्क गृहस्थ येऊन सर्वांच्या गाड्या पुसून जातात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या स्वाधीन गाडी करतांना मीं बजावून सांगितलें, “मामा, गाडी रोज आरशासारखी दिसली पाहिजे.”

वर्ष लोटलें. हिंवाळ्यांतील एका सकाळीं बॉनेटवर तिरपें ऊन पडलें होतें. पाहतों तों साऱ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे! मला संताप आला आणि मामांना बोलावून मी नको तें बोललों. त्यांनीं सारें ऐकून घेतलें व शांतपणें म्हणाले, “साहेब, मला बादली एक मिळते अन् गाड्या आहेत चौदा. रोज चमकली पाहिजे, असं तुम्हीच म्हणालात. मी न पुसून कसं चालेल?”

मीं बादलींत डोकावून पाहिलें. तळाशीं बोटभर काळी रेती बसली होती. त्याच पाण्यांत पिळलेलें फडकें वर्षभर माझ्या गाडीवरून फिरलें होतें, आणि तें माझ्याच आज्ञेवरून फिरलें होतें. मामांपाशीं माझ्या तोंडून क्षमेचे दोन शब्द निघाले, पण ते पुरेसे वाटेनात. त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागें लागलों. जें हातीं आलें, तें आपणांस सांगतों.

प्रथम मोटारीचा रंग म्हणजे काय, तें पाहूं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंज न चढावा म्हणून एक लेप असतो, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांच्या वर वारनिसासारखा एक पारदर्शक थर. हे चारही थर मिळून जाडी सुमारें १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. त्यांतही वरच्या पारदर्शक थराच्या वांट्यास ४० ते ५० मायक्रॉन येतात. आपल्या डोक्याचा केंस सामान्यतः याहून जाड असतो. गाडीची जी चमक आपण कौतुकानें पाहतों, ती ह्या केंसाहून पातळ थराची असते.

आतां दुसरी बाजू पाहा. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापांत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आणि साध्या कांचेचा सुमारें साडेपांच. जो कण कांचेवर ओरखडा काढूं शकतो, तो तिच्याहून कितीतरी मऊ अशा रंगाची गय काय करणार? धूळ गाडीवर नुसती बसून राहिली, तर फारसें बिघडत नाहीं. तीच कोरड्या फडक्याखालीं किंवा झटकणीखालीं सांपडली कीं, हातांतल्या फडक्याचा कांचकागद होतो. यास्तव माझ्या सांगण्यांतील मुख्य गोष्ट ही, कीं कोरडी गाडी कधींही पुसूं नये. रोज पुसण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां नीट धुवावी.

नीट म्हणजे कशी? गाडी सावलींत उभी असावी आणि पत्रा थंड असावा. तापलेल्या पत्र्यावर साबणाचें पाणी जागच्या जागीं वाळून डाग धरतें. पहिलें काम हात न लावतां करावयाचें. रबरी नळी असल्यास नळीनें, नसल्यास तांब्यानें, टपापासून खालपर्यंत पाणी सोडावें. जितकी माती नुसत्या पाण्यानें वाहून जाईल, तितकी आपल्या फडक्याखालीं यावयाची वांचते.

नंतर दोन बादल्या घ्याव्या. एकींत गाड्यांसाठीं मिळणारा सौम्य शॅम्पू मिसळलेलें पाणी, दुसरींत साधें पाणी. मऊ, लोंकरीसारखें दाट फडकें शॅम्पूच्या पाण्यांत बुडवून गाडीचा एक भाग धुवावा. मग तें साध्या पाण्यांत खळबळून पिळावें आणि तेव्हांच पुन्हां शॅम्पूंत घालावें. माती दुसऱ्या बादलींत राहते व साबणाचें पाणी स्वच्छ राहतें. सारी युक्ति एवढीच आहे. आधीं टप, मग कांचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि चिखल अधिक असतो तो दारांचा खालचा भाग अगदीं शेवटीं, असा क्रम ठेवावा. हात गोल न फिरवतां सरळ रेषेंत न्यावा आणि दाब देऊं नये. चाकांना ब्रेकचे लोखंडी कण चिकटलेले असतात, म्हणून त्यांचें फडकें कायमचें निराळें असावें. फडकें जमिनीवर पडलें, तर धुतल्यावांचून पुन्हां गाडीला लावूं नये.

भांडी घासण्याचा साबण कित्येक घरीं ह्या कामीं वापरतात. तो तेल-तूप काढण्यासाठीं केलेला असतो व रंगावरील मेणही काढून नेतो. भांड्यांची पावडर तर दगडाचीच भुकटी. तिला गाडीजवळ फिरकूं देऊं नये.

शेवटीं स्वच्छ पाण्यानें गाडी धुऊन ती लगेच कोरडी करावी. बोअरच्या पाण्यांत क्षार असतात. थेंब वाळले कीं पांढरे ठिपके उरतात आणि उन्हांत ते रंगांत रुततात. परंतु कोरडी करतांनाही घासूं नये. न्हाऊं घातलेल्या तान्ह्या मुलाचें अंग जसें आपण टिपून घेतों, तसें मऊ कोरड्या फडक्यानें पाणी टिपावें. ह्या सर्वांस तीन-चार बादल्या पाणी पुरतें. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तेथें तेंही खर्चूं नये. कांचा आणि दिवे तेवढे ओल्या फडक्यानें पुसावे आणि धूळ खुशाल राहूं द्यावी.

आतां कांहीं विशेष शत्रू. पक्ष्यांची विष्ठा उन्हांत थोड्याच वेळांत रंगावर व्रण पाडते. ती दिसली कीं खरवडूं नये. ओलें फडकें दहा मिनिटें तिच्यावर ठेवावें, ती मऊ झाल्यावर अलगद उचलून घ्यावी आणि जागा धुवावी. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतों, हार घालतों. त्या आनंदांत उणें कांहीं नको. परंतु ओली हळद व ओलें कुंकू रंगावर रात्रभर राहूं देऊं नये, आणि झेंडूच्या हाराचा दोरा वाऱ्यानें बॉनेटवर घासणार नाहीं असा बांधावा. तिसरा शत्रू म्हणजे आपण मोठ्या काळजीनें घातलेलें आच्छादन. गाडी धुळकट असतां तें घातलें, तर वाऱ्यानें तें हलतें आणि दिवसभर गाडी घासत बसतें.

राहिला पॉलिशचा प्रश्न. ह्या बाबतींत आपल्या मनांत जो समज आहे, तो जुन्या गाड्यांनीं रुजविला आहे. आपल्या वडिलांच्या काळच्या फियाट किंवा अँबॅसडर गाडीवर वरचा पारदर्शक थर नसे. उन्हानें रंग फिका पडला कीं पॉलिश करावयाचें. फडक्यास गाडीचा रंग लागे आणि खालचा ताजा रंग वर येई. त्यामुळें पॉलिश म्हणजे रंगाचें पोषण, असें आपणांस वाटूं लागलें. वस्तुतः तेव्हांही रंग खरवडलाच जात होता, फक्त तो फडक्यावर दिसत होता. आज जो थर जातो तो पारदर्शक असल्यानें फडकें पांढरेंच राहतें आणि आपण निर्धास्त असतों. त्या थरांत उन्हापासून रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें असतात. तो फार पातळ झाला, तर पुढें पापुद्रे सुटूं लागतात, आणि मग पुन्हां रंग देण्यावांचून उपाय उरत नाहीं.

म्हणून पॉलिश आणि मेण हीं दोन निराळीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें. पॉलिश कांहींतरी काढून नेतें. मेण कांहींतरी वर ठेवतें. ब्राझीलमधील कार्नोबा नांवाच्या ताडाच्या पानांपासून निघणारें मेण ह्या कामीं प्रसिद्ध आहे. तें धुतलेल्या, कोरड्या गाडीवर अगदीं पातळ लावून पुसून घ्यावें. कांहीं महिने टिकतें. अंगावर पडलेल्या पाण्याचे गोल मणी होतात तोंवर मेण आहे, पाणी पसरट होऊन बसूं लागलें कीं तें संपलें, असें समजावें. पॉलिश मात्र क्वचितच, आणि जाणत्या हातानें करावें. एखाद्या चऱ्यावरून नख आडवें फिरवून पाहावें. नख अडकलें, तर चरा खोल आहे. पॉलिशनें तो जाणार नाहीं, भोंवतालचा चांगला रंग मात्र झिजेल.

आतां मामांची हकीकत सांगून हें भाषण पुरें करतों. मी आमच्या सोसायटीच्या सभेंत हा विषय मांडला. थोडी कुरकुर झाली, पण पहांटे नळ उघडा ठेवण्याचें ठरलें आणि दुसरी बादली आली. प्रत्येक घरानें आपापलीं दोन फडकीं मामांच्या हवालीं केलीं. चौदाही गाड्या आतां रोज पुसल्या जात नाहींत. दिवस वांटून घेतल्यानें प्रत्येक गाडी आठवड्यांतून एकदां नीट धुतली जाते. मामांचा पगार पूर्वींइतकाच आहे. तो कमी करावा अशी एक सूचना आली होती, ती सभेनें मान्य केली नाहीं.

माझ्या गाडीवरचे ते चरे अजून तसेच आहेत. ते घालविण्यासाठीं पुन्हां रंग झिजवावा, असें मला वाटलें नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत ते दिसतात, तेव्हां मामा हंसून माझ्याकडे पाहतात आणि मीही हंसतों.