व्यवसाय आणि शेजारधर्म : लहान व्यावसायिकांसाठी दायित्व विमा

(लहान व्यावसायिक, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील कोणत्याही मध्यम वस्तीच्या गावातून फेरी मारली, तर किती प्रकारचे लहान व्यवसाय तेथे चाललेले दिसतात! पाव भाजणारी भट्टी, चहा-भजीचे दुकान, पिठाची गिरणी, सुताराचा कारखाना, दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज, मंडपवाला, जत्रेत पाळणे उभारणारा, पर्यटकांना दोन-तीन खोल्या भाड्याने देणारा घरमालक. यांपैकी पुष्कळांना विमा हा शब्द अपरिचित नाही. बँकेने कर्ज देताना मालाचा व यंत्रांचा विमा उतरविण्यास सांगितलेले असते. दिनांक 1 एप्रिल 2021 पासून सूक्ष्म उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नावाचे एकसारख्या अटींचे विमापत्रही उपलब्ध झाले आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगास आग, वादळ, पूर इत्यादींपासून त्यायोगे संरक्षण मिळते.

परंतु हे सर्व संरक्षण व्यावसायिकाच्या स्वतःच्या मालमत्तेचे आहे. त्याच्या व्यवसायामुळे दुसऱ्याला इजा झाली, दुसऱ्याचे घर जळाले, दुसऱ्याच्या घरचा कमावता पुरुष कायमचा अंथरुणाला खिळला, तर भरपाई कोठून द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्या विमापत्रात नाही. ते उत्तर ज्या विम्यात आहे, त्यास दायित्व विमा म्हणतात. बाजारात तो ‘पब्लिक लायबिलिटी पॉलिसी’ या नावाने ओळखला जातो.

दायित्वाचा उगम

दुसऱ्यास अपाय होणार नाही अशी काळजी घेणे, हे आपल्याकडे शेजारधर्म म्हणून सांगितले जाते. कायद्यानेही जवळजवळ तोच विचार स्वीकारलेला आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने आपल्या जागेत पाण्याचा तलाव बांधून घेतला. काम जाणत्या माणसांकडे सोपविलेले होते. तथापि तलावाखाली खाणीची जुनी, बुजलेली विवरे होती. त्यांतून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले आणि ती बुडाली. गिरणीमालकाची स्वतःची हयगय नसतानाही 1868 साली त्यास जबाबदार धरण्यात आले. निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जागेत आणून ठेवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर ठेवावी, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित झाले.

दुसरा प्रसिद्ध खटला स्कॉटलंडमधील पेसली या गावचा. तेथील एका उपाहारगृहात 1928 साली एका स्त्रीस तिच्या मैत्रिणीने आल्याच्या स्वादाचे पेय घेऊन दिले. बाटली अपारदर्शक होती. अर्धे पेय पिऊन झाल्यावर बाटलीतून कुजलेल्या गोगलगाईचे अवशेष निघाल्याची तिची तक्रार होती. पेयाचे पैसे तिने दिलेले नव्हते व कारखानदाराशी तिचा कोणताही करार नव्हता. तरीसुद्धा, आपला माल ज्याच्या पोटात जाणार आहे त्याच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य उत्पादकावर आहे, असा निर्णय 1932 साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. त्या निर्णयात लॉर्ड ॲटकिन यांनी ‘माझा शेजारी कोण’ हाच प्रश्न उपस्थित केला होता, आणि आपल्या कृतीचा परिणाम ज्याच्यावर होईल हे आधी ध्यानात यावयास हवे तो शेजारी, असे त्याचे उत्तर दिले होते. हा प्रतिवादी कोणी मोठा कारखानदार नव्हता. तो गावातच पेये तयार करणारा व्यावसायिक होता, ही गोष्ट लहान व्यावसायिकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतात ही तत्त्वे न्यायालयांनी मान्य केली, इतकेच नव्हे तर आणखी पुढे नेली. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर एकाच वर्षाने, डिसेंबर 1985 मध्ये, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये असे ठरविले की, धोकादायक व्यवसाय करणाऱ्याने कितीही काळजी घेतलेली असो, अपाय झाल्यास त्याची जबाबदारी निरपवाद राहील. कामगारांच्या बाबतीत तर कसूर सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचा मार्ग 1923 च्या कायद्यानेच खुला केलेला होता. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ते तत्त्व कायम ठेवण्यात आले. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये जुलै 2020 पासून सदोष मालाबद्दल उत्पादक, विक्रेता व सेवा देणारा यांच्यावरील दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच अमलात आले आहे.

हुकूमनामा आणि हातात पडणारी रक्कम

येथे खरा प्रश्न उद्भवतो. कायद्याने जबाबदारी ठरविली, न्यायालयाने भरपाईचा हुकूमही दिला. परंतु देणाऱ्याजवळ काहीच नसेल तर?

समजा, एका जत्रेत चहा-भजीच्या दुकानावर उकळत्या तेलाची कढई कलंडली आणि शेजारी उभ्या असलेल्या मजुराचे पाय भाजले. त्यास तीन महिने इस्पितळात राहावे लागले, काम सुटले, शेत पडीक राहिले. त्याने दावा लावला व तो जिंकलाही. दुकानदाराची मिळकत म्हणजे चार बाकडी, दोन भांडी व उधारीची वही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 60 व्या कलमाने स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे अशा जीवनावश्यक वस्तू जप्तीतून वगळलेल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. परिणामी जखमी मजुराच्या हाती राहतो तो केवळ हुकूमनाम्याचा कागद.

उलटपक्षी दुकानदाराचे थोडेफार स्थावर असेल तर तेही सुरक्षित राहत नाही. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात धंद्याची मालमत्ता व घरची मालमत्ता असा भेद कायदा करीत नाही. भागीदारी असल्यास 1932 च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे धंद्याच्या देण्यास प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेपर्यंत जबाबदार असतो. म्हणजे एका क्षणाच्या अपघाताने दोन कुटुंबे बुडण्याचा प्रसंग येतो : एक इजा झालेल्याचे आणि दुसरे ज्याच्या हातून ती झाली त्याचे.

दायित्व विम्याचे महत्त्व या ठिकाणी आहे. हप्ता व्यावसायिक भरतो, परंतु अखेर पैसा पोहोचतो तो जखमी माणसापर्यंत. मोटार वाहनांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. रस्त्यावर वाहन आणावयाचे तर त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये सक्तीचा आहे. स्कूटर चालविणारा शिक्षक असो की शेतकरी, कायद्याप्रमाणे त्यास हा विमा उतरवावाच लागतो. मात्र तोच मनुष्य दररोज पन्नास माणसांना ज्या छपराखाली बसवितो, त्या छपराविषयी असा विचार करीत नाही.

विमापत्राचे स्वरूप

व्यवसायाच्या जागेत किंवा व्यवसायाच्या कामामुळे त्रयस्थ व्यक्तीस झालेली इजा, मृत्यू अथवा तिच्या मालमत्तेची हानी, यांबद्दल विमेदारास कायद्याने द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी देते. कंपनीच्या पूर्वसंमतीने केलेला कोर्टखर्चही सामान्यतः त्यात येतो. हप्ता हा व्यवसायाचा प्रकार, वार्षिक उलाढाल व मागितलेली मर्यादा यांवरून ठरतो. लहान दुकानदारांसाठी जे एकत्रित विमापत्र मिळते, त्यात आग, चोरी इत्यादी विभागांबरोबर सार्वजनिक दायित्वाचाही विभाग असतो. परंतु तो बहुधा ऐच्छिक असल्याने, त्यापुढे खूण केलेली आहे किंवा नाही हे पाहून घ्यावे लागते.

पुढील बाबी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एक : मर्यादा दोन असतात; एका अपघाताची व संपूर्ण वर्षाची. उदाहरणार्थ, एका अपघातास 10 लाख व वर्षभरात 20 लाख रुपये. याखेरीज प्रत्येक दाव्यात काही रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची असते.

दोन : भारतातील पारंपरिक सार्वजनिक दायित्व विमापत्र हे दावा केव्हा आला यावर आधारलेले असते. अपघात विमापत्रात नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतर घडलेला असावा आणि दावाही विमा चालू असताना आलेला असावा, अशी अट असते. यास्तव नूतनीकरणात खंड पडू देणे धोक्याचे होय. मार्च महिन्यात पाहुणा जिन्यावरून पडला, जूनमध्ये विमा संपला व ऑक्टोबरात वकिलाची नोटीस आली, तर संरक्षण हातचे निसटू शकते. म्हणूनच कोणताही अपघात, क्षुल्लक वाटला तरी, कंपनीस त्वरित लेखी कळवावा.

तीन : स्वतःच्या नोकरांना झालेली इजा या विमापत्रात येत नाही; तिच्यासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा असतो. विकलेल्या मालामुळे झालेला अपाय हा बहुधा उत्पादन दायित्वाच्या विम्यात जातो. खाणावळीत वाढलेल्या अन्नापासून विषबाधा, पोहण्याचा तलाव, अकस्मात प्रदूषण यांसारख्या जोखमींसाठी जादा हप्ता देऊन विस्तार घ्यावा लागतो. पाहुण्यांना खोल्या व जेवण देणाऱ्यांनी हा भाग अवश्य विचारून घ्यावा.

चार : अपघातानंतर कंपनीच्या संमतीवाचून लेखी कबुली देऊ नये किंवा परस्पर तडजोड करू नये, अशी अट असते. याचा अर्थ जखमी माणसाला तसेच सोडून द्यावे असा मुळीच नाही. त्यास तातडीने इस्पितळात पोहोचविणे हे प्रथम कर्तव्य आहे, आणि माणुसकीने केलेली मदत म्हणजे कायदेशीर कबुली नव्हे.

विमा म्हणजे परवाना नव्हे

कायद्यातील तरतुदींचे जाणूनबुजून उल्लंघन केलेले असेल, तर दायित्व विमा साह्यास येत नाही. तसेच दंडाची रक्कमही कोणतीच विमा कंपनी भरून देत नाही. या अटीचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे गॅसचे सिलिंडर. घरगुती गॅसच्या अपघातांसाठी सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या स्वतःच दायित्व विमा उतरवितात आणि त्यासाठी ग्राहकास वेगळा हप्ता भरावा लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. अपघात घडल्यास वितरकास ताबडतोब लेखी कळविणे, हे त्यातील पहिले पाऊल होय. परंतु घरगुती सिलिंडर खाणावळीत किंवा गाड्यावर वापरण्यास कायद्याने मनाई आहे. चार पैसे वाचविण्यासाठी तो वापरणारा दुकानदार जीव धोक्यात घालतोच, शिवाय तेल कंपनीचा विमा व स्वतःचा विमा ही दोन्ही दारे एकाच वेळी बंद करून घेतो. जुनी रबरी नळी, उघडी विद्युत तार, अडविलेली बाहेर जाण्याची वाट, यांची दुरुस्ती हाच दायित्वाचा पहिला विमा आहे. कागदावरील विमा त्यानंतरचा.

सक्ती कोणास?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर संसदेने सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, 1991 संमत केला व तो 1 एप्रिल 1991 पासून अमलात आला. अधिसूचित प्रमाणाहून अधिक धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांना तो लागू आहे. त्यांना विमा सक्तीचा असून, हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण साहाय्य निधीसाठीही द्यावी लागते. अपघातग्रस्ताने मालकाची चूक सिद्ध करावयाची नसते. त्याने 5 वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो, आणि अर्ज शक्यतो 3 महिन्यांत निकालात काढावा असे कायदा सांगतो. हे साहाय्य घेतले म्हणून अधिक भरपाई मागण्याचा हक्क नष्ट होत नाही. मासळीसाठी बर्फाचे कारखाने व शीतगृहे चालविणाऱ्यांनी आपल्याकडील अमोनियाचा साठा अधिसूचित मर्यादेत मोडतो की काय, हे संबंधित कार्यालयाकडून तपासून घ्यावे.

या मर्यादेखालच्या असंख्य लहान व्यवसायांना मात्र सर्वसाधारण सक्ती नाही. तेथे समजुतीनेच काम व्हावयाचे आहे. जत्रेच्या वा उत्सवाच्या समितीने पाळणेवाला व मंडपवाला ठरविताना त्यांचे विमापत्र पाहण्याचा प्रघात पाडावा. पंचायतीने परवाना देतेवेळी या विम्याची माहिती द्यावी. शाळेने सहलीसाठी बोट किंवा निवासाची जागा ठरविताना, भाड्याच्या चौकशीबरोबर विम्याचीही चौकशी करावी. एकट्या लहान दुकानदारास हप्ता जड वाटत असेल, तर बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाने एकत्रितपणे कंपनीशी बोलणी करून पाहावी. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास एकट्याच्या मालकीचे व्यवसाय व सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहिली पाहिजे, आणि कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे गेले पाहिजे.

लहान व्यवसाय हा गावाच्या विश्वासावर उभा असतो. गिऱ्हाईक त्या छपराखाली येते ते विमापत्र पाहून नव्हे, तर मालकावर भरवसा ठेवून. त्या भरवशाला धक्का बसेल असा प्रसंग सहसा येऊ नये. परंतु आलाच, तर इजा झालेल्या माणसाला रिकाम्या हाती परत जावे लागणार नाही, एवढी तजवीज आधीच करून ठेवणे हे सुजाण व्यावसायिकाचे कर्तव्य आहे.