दवाखान्यातून घरी निघण्याआधी

गावाकडून आई-बाबा मस्कतला, सलालाला राहायला येतात आणि एखादे वेळी त्यांना इथेच दवाखान्यात दाखल करावं लागतं. डिस्चार्जच्या दिवशी आपण विमा आणि बिलाच्या खिडकीशी उभे असतो. तिकडे नर्स बाबांना औषधं समजावते. ती केरळची, फिलिपिन्सची किंवा ओमानी असते. ती इंग्रजीत किंवा जमेल तशा हिंदीत बोलते आणि बाबा नुसती मान डोलावतात. घरी आल्यावर कोणालाच काही आठवत नाही. पुन्हा दवाखाना गाठायची वेळ अनेकदा अशीच येते.

बॉस्टनमध्ये 749 रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात एका नर्सने निम्म्या रुग्णांना नीट बसून औषधं समजावली, पुढची तपासणी ठरवून दिली, सोपी पुस्तिका दिली. दोन-चार दिवसांत फार्मासिस्टने फोन करून चौकशी केली. पुढच्या महिनाभरात या रुग्णांच्या इमर्जन्सीतल्या आणि पुन्हा दाखल होण्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या.

म्हणून त्या वेळी तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. बिल नंतर होईल. भारतातून आणलेला गोळ्यांचा डबा नर्ससमोर ठेवा. रक्तदाबाची अम्लोडिपिन तिकडच्या पाकिटावर एका नावाने असते, इथल्या पाकिटावर दुसऱ्या. दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो. कोणती गोळी चालू, कोणती बंद, हे लिहून घ्या.

मग तिने सांगितलेलं बाबांना मराठीत सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या. अडलं, तर तिला पुन्हा विचारा. संकोच करू नका, हे तिचं कामच आहे.

धोक्याची लक्षणंही विचारा. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी वजन करायचं. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर अंगात पाणी साठत असेल, लगेच डॉक्टरांना कळवा. लोणचं-पापड बंद.

गुरुवारी घरी सोडलं, तर शुक्रवार-शनिवारी फोन कोणाला करायचा, तो नंबर घेऊनच निघा. श्वास लागला, छातीत दुखलं, तर वाट न पाहता 9999.

काळजी घ्या, मंडळी.